चर्चिल यांचा विजनवास आणि संसार पडद्यावर: नव्या पटकथाकार-दिग्दर्शकांसाठी

विन्स्टन चर्चिल यांच्यावर काही लिहायला घेतलं की नव्या पटकथाकाराचा हात आपोआप १९४० कडे जातो. सायरन, धूर, सिगार, दोन बोटं. पण नट-नट्यांना खरं काम मिळतं ते त्याआधीच्या दहा वर्षांत. १९२९ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष हरला, अर्थमंत्रिपद गेलं आणि ३ सप्टेंबर १९३९ ला नौदलमंत्री म्हणून बोलावणं येईपर्यंत चर्चिल यांच्याकडे एकही मंत्रिपद नव्हतं. हा विजनवास आणि त्या काळातला पत्नी क्लेमेंटाइन यांच्याशी असलेला संसार पडद्यावर कसा आणायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. महाविद्यालयीन लघुपट असो, वेब मालिकेचा एखादा भाग असो की दोन पात्रांची एकांकिका, पायऱ्या त्याच राहतात, खर्च तेवढा बदलतो.

पायरी १: दहा वर्षं घेऊ नका, नऊ महिने घ्या

पहिली चूक इथेच होते. १९२९ ते १९३९ असं सगळं नव्वद मिनिटांत बसवायला गेलं की प्रत्येक प्रसंग बातमी होतो. नट दारातून आत येतो, 'हिटलर सत्तेवर आला' म्हणतो आणि बाहेर जातो. त्यापेक्षा सलग एक तुकडा निवडा. नवख्यांनी नोव्हेंबर १९३४ ते ऑगस्ट १९३५ हा तुकडा घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. राजकारण आणि संसार या काळात एकमेकांत असे गुंतले आहेत की जोडकाम फारसं करावं लागत नाही.

- २८ नोव्हेंबर १९३४: जर्मन हवाई दलाच्या वाढीबद्दल कॉमन्स सभागृहात इशारा. दोनच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, चर्चिल साठ वर्षांचे होतात.
- डिसेंबर १९३४: क्लेमेंटाइन लॉर्ड मॉइन यांच्या 'रोझॉरा' या यॉटवरून पूर्वेकडच्या लांब सफरीला निघतात. सफरीचं एक उद्दिष्ट कोमोडो बेटावरचे महाकाय सरडे आणणं हे आहे. चर्चिल घरीच राहतात.
- ६ फेब्रुवारी १९३५: लिव्हरपूलच्या वेव्हरट्री मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मुलगा रँडॉल्फ भारताच्या प्रश्नावर पक्षाच्याच अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभा राहतो. मतं फुटतात, जागा मजूर पक्षाला जाते.
- ११ फेब्रुवारी १९३५: भारत सरकार विधेयकाचं दुसरं वाचन ४०४ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर.
- मार्च १९३५: जर्मनी हवाई दल उघड करतो आणि सक्तीची लष्करभरती जाहीर करतो.
- १ एप्रिल १९३५: क्लेमेंटाइन यांचा पन्नासावा वाढदिवस, सफरीवर असतानाच.
- एप्रिलअखेर: त्या परततात.
- २२ मे १९३५: जर्मन हवाई दलाबाबतचा आपला अंदाज चुकला, असं हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन सभागृहात कबूल करतात.
- २ ऑगस्ट १९३५: भारत सरकार कायद्याला राजाची संमती. त्याच उन्हाळ्यात घनश्यामदास बिर्ला चर्चिल यांच्या घरी जेवायला जातात.

ही यादी भिंतीवर लावा. पटकथेतला प्रत्येक प्रसंग यांपैकी कुठल्या दोन तारखांच्या मध्ये पडतो, ते पेन्सिलीने लिहा. जो पडत नाही तो बहुधा १९४० मधून उचलून आणलेला असतो.

पायरी २: हा विजनवास कशामुळे आला, ते आधी स्वतःला समजावून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजी प्रेक्षकांसाठी बनलेल्या कथनांत सरळ सूत्र असतं: चर्चिल यांना जर्मनीचा धोका दिसला, बाकीचे आंधळे होते, म्हणून त्यांना बाजूला टाकलं. हे अर्धवट आहे, आणि भारतीय लेखकाने तरी ते जसंच्या तसं उचलू नये.

क्रम असा आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी भारताला पुढे वसाहतीच्या दर्जाचं स्वराज्य मिळेल, असं जाहीर केलं. चर्चिल यांचा त्याला कडवा विरोध होता. जानेवारी १९३१ मध्ये, गांधीजींची सुटका झाली त्याच सुमारास, त्यांनी पक्षाच्या नेतृत्वमंडळाचा राजीनामा दिला. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे विजनवासाचं दार त्यांनी स्वतः उघडलं, आणि ते भारतावरून.

२३ फेब्रुवारी १९३१ च्या भाषणात त्यांनी गांधीजींना राजद्रोही 'मिडल टेंपल' वकील आणि अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं. मिडल टेंपल आणि इनर टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या दोन वेगळ्या संस्था. गांधीजी बॅरिस्टर झाले होते ते इनर टेंपलमधून. ही चूक भाषणात तशीच ठेवा, 'दुरुस्त' करू नका. एखाद्या पात्राने ती नंतर सहज बोलण्यात दाखवून दिली, तर चर्चिल यांना भारताची किती वरवर माहिती होती ते एका वाक्यात कळतं.

पुढे भारताच्या घटनात्मक सुधारणांसाठी नेमलेल्या संसदेच्या संयुक्त समितीचं सदस्यत्व चर्चिल यांनी नाकारलं, पण १९३३ मध्ये तिच्यासमोर साक्ष दिली. समितीबरोबर बसणाऱ्या भारतीय प्रतिनिधींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुकुंदराव जयकर होते. मराठी लेखकाला इथे खरा दुवा सापडतो, ओढूनताणून आणावा लागत नाही. १९३४ मध्ये भारतमंत्री सॅम्युएल होर यांनी साक्षी फिरवल्याचा आरोप चर्चिल यांनी केला. चौकशीत तो टिकला नाही आणि सभागृहात त्यांचं हसं झालं.

आता पटकथेच्या कामाची गोष्ट. जो माणूस चार-पाच वर्षं भारतावरून 'साम्राज्य बुडालं' म्हणून ओरडला, तोच जर्मनीबद्दल 'धोका आहे' म्हणाला तेव्हा लोकांनी कानावर हात ठेवले. १९१५ ची त्यांनी रेटलेली आणि फसलेली गॅलिपोलीची मोहीम, आणि अर्थमंत्री म्हणून १९२५ मध्ये पौंड पुन्हा सोन्याशी बांधण्याचा त्यांचा निर्णय लोक विसरले नव्हते. एका बाबतीतला हेका दुसऱ्या बाबतीतल्या खऱ्या इशाऱ्याला मारतो, हे नाट्य आहे. भारताचा प्रश्न काढून टाकलात तर नायक निष्पाप होतो आणि त्याला कोणी का ऐकत नाही याचं उत्तरच उरत नाही. मग लेखक नाइलाजाने बाल्डविनना मूर्ख करतो.

बाल्डविन मूर्ख नव्हते. त्यांच्या तोंडी त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं द्या. पहिल्या महायुद्धातल्या सात लाखांहून अधिक मृत्यूंची आठवण घरोघरी ताजी होती, मंदीत बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात गेली होती आणि १९३५ च्या शांतता मतचाचणीत एक कोटीहून जास्त लोकांनी भाग घेतला होता. हे ऐकून प्रेक्षक क्षणभर बाल्डविनच्या बाजूला गेला पाहिजे. तो जात नसेल तर तो प्रसंग पुन्हा लिहा.

मराठी प्रेक्षक १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोक्यात ठेवूनच बसलेला असतो. तो प्रसंग १९३५ च्या कथेत घुसवायची गरज नाही. भारताबद्दल हा माणूस काय बोलतो हे जेवणाच्या टेबलावर स्पष्ट ऐकू आलं, की प्रेक्षक पुढचं स्वतः जोडतो.

पायरी ३: क्लेमेंटाइन यांना 'सोशीक पत्नी' करू नका

१२ सप्टेंबर १९०८ रोजी लग्न झालं. त्या पतीपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. मनाने शेवटपर्यंत लिबरल, त्यामुळे नवऱ्याच्या हुजूर मित्रांपैकी अनेकांशी त्यांचं पटत नसे. पाच मुलांपैकी मॅरिगोल्ड १९२१ मध्ये तिचं तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. ते दुःख १९३५ मध्ये बोलून दाखवू नका, पण नटीला ते माहीत असू द्या.

भांडणाचं कायमचं कारण म्हणजे चार्टवेल हे घर. १९२२ च्या सप्टेंबरात, धाकटी मेरी जन्मली त्याच महिन्यात, चर्चिल यांनी ते ५,००० पौंडांना घेतलं, बायकोची संमती न घेता. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या कितीतरी पुढे गेला. क्लेमेंटाइन यांचं मन त्या घरात कधी पुरतं रमलं नाही. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसे बुडाले आणि १९३८ मध्ये घर विकायला काढण्यापर्यंत वेळ आली. म्हणून क्लेमेंटाइन यांच्या हातात फुलं देऊ नका, हिशेबाची वही द्या. नोकरांचा पगार, कोळसा, दारूवाल्याचं बिल. विजनवासाची किंमत पौंड-शिलिंगमध्ये याच बाई मोजत होत्या.

त्या रागीटही होत्या. एकदा पालकाची बशी नवऱ्याच्या दिशेने भिरकावली आणि नेम चुकला, ही कुटुंबातूनच आलेली आठवण आहे. तारीख पक्की नसल्याने हा प्रसंग १९३५ मध्ये घालायचा की नाही, ते पायरी ४ मधल्या खुणांप्रमाणे ठरवा.

'रोझॉरा'ची सफर हा कथेचा कणा. त्या सफरीत टेरेन्स फिलिप नावाचा कलावस्तूंचा व्यापारी सोबत होता आणि क्लेमेंटाइन त्याच्याकडे ओढल्या गेल्या, इतपत कुटुंबातूनच सांगितलं गेलं आहे. त्यापुढचा कुठलाही पुरावा नाही. नवखा लेखक इथे शय्यादृश्य लिहितो आणि सगळं हातचं घालवतो. पन्नाशीची बाई, आयुष्यात प्रथमच कोणाची वेळापत्रकं सांभाळायची नाहीत, कोणाचं भाषण ऐकायचं नाही, डेकवर वारा आहे. एवढं पुरे आहे. बालीहून त्यांनी एक कबुतर आणलं. ते मेल्यावर चार्टवेलच्या बागेत सूर्यतबकडीखाली पुरलं. तो दगड आजही आहे. कबुतर दाखवा आणि संवाद कमी करा.

घरी राहिलेला नवरा काय करतो? पत्रं लिहितो. 'चार्टवेल बुलेटिन' या नावाने घरच्या बातम्यांची लांबलचक पत्रं तो बोटीवर पाठवतो: तळ्यातले हंस, खोदकामाचं यंत्र चिखलात कसं रुतलं, रँडॉल्फची निवडणूक, सभागृहातलं मतदान. लाडाची नावं ठरलेली होती. तो 'पग' किंवा 'पिग', ती 'कॅट'. पत्राच्या शेवटी डुक्कर आणि मांजर यांची चित्रं असत. पत्र वाचताना नुसता आवाज देऊन बोटीची दृश्यं दाखवण्याची पद्धत कंटाळवाणी होते. त्याऐवजी चर्चिल पत्र सांगत असताना कॅमेरा ते टंकणाऱ्या सेक्रेटरीवर ठेवा. बायकोला लिहायच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिसऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलाव्या लागतात, आणि शेवटच्या दोन ओळी तो स्वतःच्या हाताने लिहायला कागद मागतो. संसार तिथे दिसतो.

संवाद मराठीत असतील तर नवरा-बायको एकमेकांना 'तू'च म्हणतील. क्लेमेंटाइन यांच्या तोंडी 'अहो' घातलंत की त्या लगेच आपल्या वाड्यातल्या होतात. नोकर आणि सेक्रेटरी दोघांनाही 'सर', 'मॅडम' म्हणू द्या. तिथे 'साहेब' म्हणजे थेट मुंबईचं ऑफिस.

पायरी ४: प्रत्येक प्रसंगाला खूण

पटकथेच्या समासात तीन खुणा वापरा. 'नों' म्हणजे नोंद आहे, 'अं' म्हणजे नोंदींवरून काढलेला अंदाज, 'क' म्हणजे कल्पित. कल्पित लिहायला अजिबात हरकत नाही. खासगी बोलणं बहुतेक कल्पितच असणार. नियम एकच: 'क' प्रसंगामुळे 'नों' प्रसंगाचा अर्थ उलटता कामा नये. फिलिपबरोबरचं शय्यादृश्य 'क' आहे, आणि त्यामुळे परतल्यानंतरच्या सगळ्या नोंदींचा अर्थ बदलतो, म्हणून ते बाद. पालकाची बशी ही 'नों', पण १९३५ मध्ये घातली की 'क'. अर्थ बदलत नाही, म्हणून चालेल.

प्रसिद्ध वाक्यांबाबत फार सावध राहा. चर्चिल यांच्या नावावर खपणाऱ्या अनेक कोट्यांना आधार नसतो. १९३९ मध्ये नौदलाने सगळ्या जहाजांना 'विन्स्टन परत आला' असा संदेश पाठवला, ही लाडकी गोष्टही मूळ कागदाविना चालत आली आहे. 'काळा कुत्रा' हे मनाच्या उदासीचं रूपक त्यांनी १९११ च्या पत्रात बायकोला लिहिलं, हे खरं. पण त्यावरून १९३५ चा माणूस सतत अंधारात बसलेला दाखवणं चूक. त्या वर्षांत त्यांनी पूर्वज मार्लबरोचं चार खंडांचं चरित्र आणि ढीगभर लेख लिहिले.

राल्फ विग्रम हे परराष्ट्र खात्यातले अधिकारी जर्मनीबद्दलची माहिती चर्चिल यांच्यापर्यंत पोचवत. ३१ डिसेंबर १९३६ रोजी ४६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या मृत्यूला नाट्यमय कारण चिकटवण्याचा मोह होतो. टाळा. आणि माहिती देणारे ते एकटे नव्हते. शेजारी राहणारे डेस्मंड मॉर्टन, हवाई दलातले अधिकारी, विज्ञानाची बाजू समजावणारे प्राध्यापक लिंडेमन असे अनेक होते. लघुपटात दोन पात्रं पुरतात, फक्त 'एक शूर अधिकारी' असं करू नका.

पायरी ५: काहीच घडत नसलेलं कसं दाखवायचं

दिनक्रम हाच सांगाडा धरा. सकाळी आठच्या सुमाराला जाग, पलंगावरच नाश्ता, वर्तमानपत्रं, पत्रं. अकराच्या पुढे उठणं. दुपारी लांबलेलं जेवण. बागेत विटा रचणं किंवा चित्र काढणं. संध्याकाळी तासभर झोप, मग गरम पाण्याचा टब. साडेआठला पाहुण्यांसह जेवण. रात्री दहा-अकरापासून दोन-तीन वाजेपर्यंत मजकूर सांगणं, सेक्रेटरी टंकत राहणार. क्लेमेंटाइन लवकर झोपत आणि लवकर उठत, शयनगृहं वेगळी. म्हणजे एका घरातले हे दोन जीव दिवसाच्या वेगवेगळ्या टोकांना जागे असत. रात्री दोनचा कॉरिडॉर आणि सकाळी सातचा तोच कॉरिडॉर, कॅमेरा त्याच जागी: पूर्ण विवाह दोन शॉटमध्ये येतो.

विजनवासात चर्चिल खासदार होतेच, एपिंग मतदारसंघाचे. सभागृहात ते सरकारच्याच बाजूला बसत, पण मंत्र्यांच्या बाकापासून मधल्या वाटेने तुटलेल्या पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात. हे बसणं फार बोलकं आहे. विरोधी बाजूला बसवलंत तर चूक, मागच्या रांगेत लपवलंत तरी चूक.

आणखी एक हमखास चूक: ते सभागृहात बोलताहेत आणि घरी बायको-मुलं रेडिओवर ऐकताहेत. कॉमन्सचं कामकाज रेडिओवर नियमित यायला १९७८ उजाडलं. १९३५ मध्ये भाषण घरी पोचे ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून, किंवा स्वतः प्रेक्षक सज्जात बसून. क्लेमेंटाइन यांच्याकडे तर ते समुद्रावर, कित्येक आठवड्यांनी पोचतं. हा उशीर वापरा. ११ फेब्रुवारीची हार बोटीवर वाचली जाते तेव्हा घरी सगळं कधीच मागे पडलेलं असतं.

भाषणाचा प्रसंग पडद्यावर ९० सेकंदांपेक्षा लांबवू नका. भाषण तयार होतानाचा प्रसंग चार मिनिटं चालतो. चर्चिल यांचं भाषण छोट्या कागदांवर, स्तोत्रासारख्या तुटक ओळींत टंकलेलं असे. तसे कागद कलाविभागाकडून खरोखर टंकून घ्या. नट कोऱ्या कागदावरून वाचत असला की डोळ्यांची हालचाल खोटी पडते.

पायरी ६: नट, चेहरा, आवाज

सगळ्यांच्या डोक्यात जो रागीट चेहरा आहे तो ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात काढलेल्या एका छायाचित्राचा आहे. छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी तोंडातली सिगार काढून घेतल्यावरचा तो क्षण. १९३५ चा माणूस तसा नव्हता. त्या काळच्या फिती पाहा: गुलाबी, चटपटीत, झपाझप चालणारा, खोडकर. नटाला आठवडाभर फक्त चाल आणि वेग द्या, चेहरा नंतर. विजयाची दोन बोटं १९४१ च्या आधी नकोतच.

उंची साधारण पाच फूट सहा इंच. नट निवडताना डोकं-मान-खांद्यांची ठेवण पाहा. नाकाडोळ्यांची जुळणी दुय्यम. पोटाचं पॅडिंग फक्त पुढे, पाठीला नाही, आणि मांड्यांवर थोडं, नाहीतर बसल्यावर पोट तरंगतं. सिलिकॉनचा चेहरा लावणार असाल तर नटाच्या चेहऱ्याचा साचा, माती, ओतकाम आणि लुक टेस्ट मिळून निदान सहा ते आठ आठवडे धरा. काढताना कडा फाटतात, म्हणून प्रत्येक शूटिंग दिवसाला नवा तुकडा लागतो. लावायला तीन तासांच्या आसपास, काढायला तासभर. बारा तासांच्या शिफ्टमधून चार तास गेले, मुंबईच्या उकाड्यात घामाने कडा सुटल्या की आणखी अर्धा. बजेट कमी असेल तर पूर्ण चेहरा करूच नका: केस विरळ करा, भुवया फिकट, गोल चष्मा नाकाच्या टोकाला, ठिपक्यांचा बो टाय, घड्याळाची सोनसाखळी. प्रेक्षक दहा मिनिटांत मान्य करतो.

उजवा खांदा लक्षात ठेवा. १८९६ मध्ये तरुण चर्चिल पलटणीबरोबर मुंबईला उतरले तेव्हा ससून डॉकच्या धक्क्यावर लोखंडी कडी धरताना त्यांचा खांदा निखळला. ते दुखणं जन्मभर राहिलं. उजवा हात झटकन डोक्यावर नेणारा अभिनय म्हणूनच चुकीचा. हात कोटाच्या कडेवर किंवा कमरेवर.

'स'च्या उच्चाराचा दोष मराठीत आणताना प्रत्येक 'स'चा 'श' केलात तर पात्र विनोदी होतं. थोडा ओलसर 'स', तोही जाहीर भाषणात ठळक आणि घरात जवळपास नाही, एवढंच.

पायरी ७: सिगार, विटा आणि बाकी हातातल्या वस्तू

सिगार ओढण्यापेक्षा चघळली जाई, विझे, पुन्हा पेटवली जाई. तोंडातलं टोक भिजू नये म्हणून चर्चिल त्यावर तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळत. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात वस्तू तशीच दिसावी म्हणून, तंबाखूविरहित सिगारी पाच लांब्यांत आधीच कापून ठेवा, डब्यावर १ ते ५ लिहा आणि प्रत्येक शॉटला क्रमांक नोंदवा. हे केलं नाही तर संकलनात सिगार वाढत-घटत राहते.

भारतात दाखवणार असाल तर तंबाखूचे नियम पटकथेच्या वेळीच मोजा. सुरुवातीला आणि मध्यात किमान ३० सेकंदांच्या आरोग्यसूचना, किमान २० सेकंदांचा दृक्-श्राव्य इशारा, आणि सिगार दिसत असेल तोवर पडद्याच्या तळाशी स्थिर ओळ. ओटीटीलाही सप्टेंबर २०२३ पासून असेच नियम आहेत. चर्चिल यांच्या सिनेमात ही ओळ जवळजवळ कायम राहील. म्हणून जिव्हाळ्याच्या प्रसंगांतून सिगार काढून टाका. हात मोकळे होतात, फ्रेमही स्वच्छ राहते.

पेला दिसला तर व्हिस्की खूप सोडा घालून अगदी फिकी, तासनतास एकच.

विटांचं काम खरं हवं. १९२८ मध्ये त्यांनी बाल्डविन यांना लिहिलं होतं की रोज २०० विटा आणि २,००० शब्द होतात. नटाला गवंड्याकडे तीन-चार दिवस पाठवा: थापीने मसाला उचलणं, दोरी लावणं, ओळंबा धरणं. शूटिंगच्या मसाल्यात सिमेंट घालू नका. माती, चुना आणि रंग पुरे. रिटेकला विटा काढून धुऊन पुन्हा लावता येतात. सिमेंट दुसऱ्या टेकपर्यंत धरायला लागतं आणि भिंत तोडावी लागते.

पायरी ८: जागा

चार्टवेल केंटमधल्या वेस्टरहॅमजवळ आहे आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. बागेची छायाचित्रं पाहून सेट करताना तारखा तपासा. तिथला सोनेरी गुलाबांचा ताटवा १९५८ च्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाचा आहे, १९३५ मध्ये नको. कॉमन्सचं सभागृह मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळलं आणि १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं, म्हणून आजच्या फोटोंवरून सेट बांधू नका.

महाबळेश्वर-पाचगणीचा बंगला चालेल का? आतून चालेल. बाहेरून नाही: जांभा, मंगलोरी कौलं आणि व्हरांडा लगेच ओळखू येतात, चार्टवेल लाल विटांचं आहे. खिडक्यांना पातळ पडदा, बाहेरून मऊ राखाडी उजेड. छताचे पंखे आणि हुक झाका, गोल काळे स्विच काढा. इंग्लंडमध्ये डिसेंबरला चार वाजताच अंधारतं, म्हणून चहाचा प्रसंग दिव्याच्या उजेडात घ्या. उन्हाळ्यात मात्र रात्री साडेआठचं जेवण उजेडात.

पायरी ९: हक्क

लेखी परवानगीशिवाय पत्रांतली वाक्यं उचलू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७० वर्षं हक्क राहतो. चर्चिल १९६५ मध्ये गेले, म्हणजे हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन भारतात २०२५ अखेर मुक्त, ब्रिटनमध्ये २०३५ अखेर. क्लेमेंटाइन १९७७ मध्ये गेल्या, त्यांचं लेखन दोन्हीकडे अजून संरक्षित आहे. मृत्यूनंतर छापलेल्या पत्रांचा हिशेब वेगळा लागतो. तुमचा सिनेमा परदेशी ओटीटीवर जाणार असेल तर तिथला कायदा लागू होतो. घटना आणि तारखांवर कोणाचा हक्क नसतो, म्हणून पत्राचा आशय घ्या आणि शब्द स्वतःचे लिहा. शंका असेल तिथे बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे अंतिम पटकथा, होण्याआधी वकिलाला दाखवा.

पायरी १०: शेवट कुठे करायचा

१९३९ च्या नियुक्तीवर संपवू नका. तिथे संपवलं की आधीचे सगळे मतभेद नियतीच्या नावावर माफ होतात. बिर्लांबरोबरच्या जेवणावर संपवा. कायदा मंजूर झाला आहे, चर्चिल हरले आहेत. ज्या लढाईने त्यांना एकटं पाडलं त्याच देशातला पाहुणा, गांधीजींचा निकटवर्तीय, त्यांच्याच टेबलावर बसला आहे. अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिल्यापासून गांधी माझ्या नजरेत खूप वर गेले, असं चर्चिल म्हणाल्याचं बिर्लांनी गांधीजींना कळवलं. हे पश्चात्ताप म्हणून लिहू नका, तसं ते नव्हतं. माणूस मोकळा बोलतो, उदार होतो आणि मतावर कायम राहतो, एवढं खरं ठेवा. क्लेमेंटाइन यांच्या तोंडी घातलेलं बोलणं 'क' आहे, तशी खूण करा. त्यांना एकच वाक्य द्या, तेही बिर्लांना उद्देशून.

कच्चं संकलन झालं की इतिहास न वाचलेल्या पाच-सहा जणांना दाखवा आणि तीनच प्रश्न विचारा: चर्चिलना बाजूला का टाकलं होतं? बाल्डविन काय म्हणत होते? क्लेमेंटाइन परत का आल्या? पहिल्याचं उत्तर नुसतं 'हिटलरमुळे' आलं तर पायरी २ चे प्रसंग कापले गेले आहेत. ते परत लावा, लांबी कमी करायची असेल तर बोटीवरच्या दृश्यांतून करा.